पोरगी शिकाले गेली का फिराले?

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

मागच्या बुधवारी तुमच्या पेपरात वाचकांच्या पत्रात एका गृहस्थाचं पत्र छापून आलं. म्हणे खेड्यापाड्यातली पोरं बापाचं वावर बँकेत गहाण ठेवून विलायतेत शिकाले जातात अन् तिथे दर शनिवार-रविवारी डोंगर, समुद्र, किल्ले पालथे घालत फिरतात, फोटो टाकतात, आणि इकडे बाप कापसाच्या पऱ्हाटीत मरतो. मी ते पत्र आमच्या फाट्यावरच्या चहाच्या टपरीवर वाचलं. पाच-सहा जण होते, सगळ्यांनी आळीपाळीने पेपर घेतला, वाचला, अन् मग एकेक जण माझ्याकडे पाहायला लागला. कारण आमच्या गावातून विलायतेत आजपर्यंत एकच पोरगी गेली आणि ती माझी आहे.

तर साहेब, हे उत्तर समजा. मोबाईलवर टाईप करून राहिलो. पुतण्याने बोलून टाईप करायचं शिकवलं होतं पण ते यंत्र माझी वऱ्हाडी ऐकून भलतंच काही लिहिते, पऱ्हाटी म्हटलं की पराठा लिहिते, म्हणून बोटानेच चालू आहे, चुकलं-माकलं सांभाळून घ्या.

पहिले कबुली देऊन टाकतो. त्या गृहस्थांनी जे लिहिलं तेच मी स्वतः माझ्या पोरीला बोललो होतो, आणि त्यांच्यापेक्षा वाईट शब्दात बोललो.

नोव्हेंबर महिना होता, कापसाचा दुसरा वेचा चालू होता. वेचाई वाढलेली, त्यात गावातल्या बाया मिळत नाहीत, दुसऱ्या गावाहून ऑटो लावून आणा लागतात, ऑटोचं भाडं आपल्याच बोकांडी. संध्याकाळी कापूस मोजून, गाठोडी घरात टाकून मी ओट्यावर टेकलो तं शेजारच्या भाऊंनी मोबाईल पुढे केला. पोरीचं स्टेटस. मागे मोठा उघडा डोंगर, ढग खाली आलेले, अंगात निळं जॅकेट अन् दात काढून हसून राहिली. भाऊ म्हणाले, "काय गा, पोरगी शिकाले गेली का फिराले?"

भाऊंच्या मनात काही वाईट नव्हतं, पण ते वाक्य माझ्या डोक्यात जाऊन बसलं. रात्री जेवण गेलं नाही. साडेनऊला फोन लावला, तिच्याकडे दुपारचे चार. ती म्हणे बाबा, इथं अंधार पडून राहिला. मी म्हटलं अंधार तं आपल्या घरावर पडणार आहे बाई, २८ लाखाचं कर्ज, चार एकर बँकेकडे, अन् तू डोंगरावर काय करून राहिली? अजून बरंच बोललो, ते लिहीत नाही. ती मधे काहीच बोलली नाही. शेवटी एवढंच म्हणाली, "ठेवते बाबा." तिच्या आईनं मग दोन दिवस माझ्याशी बोलणं टाकलं ते वेगळं.

दुसऱ्या दिवशी सकाळी उठून पाहतो तं व्हॉट्सॲपवर फोटो. वहीचं पान. आमच्या घरी शाळेच्या उरलेल्या वह्यांत मी शेतीचा हिशोब लिहितो, खत एवढं, फवारणी एवढी, वेचाई एवढी, तसंच्या तसं तिनं आखलं होतं, डावीकडे बाब, उजवीकडे रक्कम. तरुण लोकांचं रेल्वेचं कार्ड वर्षाचं ३५ पाऊंड, त्यावर तिकिटात एक तृतीयांश सूट. जाताना रेल्वे सात पाऊंडाच्या आत. येताना बस, तीन पाऊंडाच्या आत. जेवण : तीन पोळ्या, ठेचा, दोन उकडलेली अंडी, घरून. पाणी घरून. जॅकेट आठ पाऊंड, जुन्या कपड्यांच्या दुकानातून, तिकडे लोकांनी दान केलेले कपडे, भांडी, पुस्तकं विकून दुकान चालते, त्यातून एकदाच घेतलं. बूट सहा पाऊंड, तिथूनच. दिवसाचा खर्च, एका कपभर चहासकट, साडेअकरा पाऊंड. त्याच्या खाली रेघ मारून लिहिलं होतं, माझी एका तासाची मजुरी १२.२१ पाऊंड.

आणि पानाच्या सगळ्यात खाली, बारीक अक्षरात : "बाबा, शुक्रवारी दुपारी क्लास सुटला तेव्हापासून सोमवार सकाळपर्यंत मी कोणाशी एक शब्द मराठी बोलली नाही. रूमवर बसली असती तं हीटरच जळला असता."

ते पान मी किती वेळा पाह्यलं ते सांगत नाही.

आता हे १२.२१ काय आहे ते टपरीवरच्या मंडळींना समजलं नाही म्हणून सांगतो. इंग्लंडात २१ अन् त्यावरच्या वयाच्या माणसाला तासाला कमीत कमी एवढे द्यावेच लागत होते, एप्रिल २०२५ पासूनचा कायद्याचा दर होता. आणि विद्यार्थ्याला कॉलेज चालू असताना आठवड्याला २० तासांच्या वर काम करता येत नाही, केलं तं व्हिसावर गदा. पोरगी कॉफीच्या काउंटरवर सोळा तास करते, संध्याकाळचं. म्हणजे एका तासाच्या मजुरीत तिचं दिवसभराचं फिरणं निघते. आपल्याकडे कापूस वेचणाऱ्या बाईनं एक तास वेचला तं तिला काय मिळते अन् त्यात ती कुठपर्यंत जाऊन येऊ शकते, हा हिशोब मी करून पाह्यला, एसटीत बायांना अर्धं तिकीट आहे तरी आमच्या तालुक्याच्या दारव्ह्याच्या पुढे काही सरकला नाही. मग मी तिला पाऊंडाचे रुपये करून शिव्या घातल्या होत्या ते चूकच होतं ना. पाऊंड तेव्हा एकशे वीसच्या घरात होता, साडेअकराचे चौदाशे होतात, ऐकताना पोटात गोळा येते, पण तिची कमाई पाऊंडात अन् खर्च पाऊंडात, रुपया त्यात मधे कुठे येतच नाही. रुपया येतो तो फीमध्ये आणि हप्त्यात. तिथे मात्र येतो, जोरात येतो.

बरं त्या डोंगराची गोष्ट ऐका, कारण तिथूनच माझं डोकं फिरलं, म्हणजे सरळ झालं.

पोरगी मँचेस्टरला आहे. डोंगराचं नाव किंडर स्काउट, उंची ६३६ मीटर. आपला चिखलदरा अकराशेच्या वर आहे, तर डोंगर म्हणून त्यात विशेष काही नाही. पण १९३२ साली तिथे साध्या माणसाला पाय ठेवायची मनाई होती. सगळी जमीन जमीनदारांची, त्यांना पाखरांची शिकार करायची म्हणून राखणदार ठेवलेले. आणि खाली मँचेस्टर, धुराड्यांचं शहर. तिथल्या कारखान्यातल्या पोरांना रविवारी मोकळी हवा पाहिजे होती. २४ एप्रिल १९३२ ला, रविवारीच, शे-चारशे पोरं-पोरी एका खदानीत जमले अन् राखणदारांच्या नाकावर टिच्चून डोंगर चढून गेले. पुढारी होता बेनी रॉथमन, वीस वर्षांचा. पाच जणांना दोन ते सहा महिन्यांची जेल झाली. त्यावरून मोठा बोभाटा झाला, आणि १९५१ ला तो सगळा डोंगराळ भाग इंग्लंडातलं पहिलं नॅशनल पार्क झाला. त्या खदानीत पाटी लावलेली आहे, पोरीनं तिचा फोटो पाठवला. म्हणजे आपल्या त्या पत्रलेखकांना जे शनिवार-रविवारचं उंडारणं वाटते, त्यासाठी त्या देशातले मजूर जेलात गेले आहेत.

मी तिला फोनवर म्हटलं, हे तं तुमच्या इंग्रजांचं झालं, आपला रविवार कोणी मिळवला सांग. तिला माहीत नव्हतं. शाळेत कोणी शिकवलंच नाही. नारायण मेघाजी लोखंडे, महात्मा फुल्यांचे साथी. मुंबईच्या गिरणीत माणसं अंधारात आत जात अन् अंधारात बाहेर येत, सुट्टी नावाची गोष्ट नाही. लोखंड्यांनी १८८४ ला कामगारांची संघटना उभी केली, अर्जफाटे, सभा, सहा-सात वर्षं लावून धरलं अन् १० जून १८९० पासून गिरण्यांना रविवारची सुट्टी मिळाली. त्या गिरण्यांत कापूस कुठला जात होता? आपला. माझ्या आज्याचा. पण आज्याला रविवार नव्हता अन् मलाही नाही, कास्तकाराला कोण देणार रविवार, फवारणीची वेळ रविवारीच येते. आपण सुट्टी घेतली नाही म्हणून सुट्टी घेणाऱ्याचा राग येतो, असं काहीतरी माझ्यातही होतं हे आता कळून राहिलं.

मग डिसेंबरात ते झालं जे सांगायला मी खरं तर हे पत्र लिहायला बसलो.

शनिवार होता. मी जिनिंगवर, म्हणजे कापसातली सरकी वेगळी करतात त्या कारखान्यावर, गाडी लावून रांगेत होतो. २०२५-२६ च्या हंगामाला हमीभाव लांब धाग्याला ८११० जाहीर झाला, पण तो भाव मिळेपर्यंत नोंदणी, सातबारा, मॉइश्चर, ग्रेडर, रांग. त्यात सरकारनं बाहेरच्या कापसावरची ११ टक्के ड्युटी डिसेंबरअखेरपर्यंत माफ करून ठेवली होती, बाजारात खासगीवाला भाव पाडून मागे. तं आम्ही दहा-पंधरा गाड्यावाले शेकोटी करून बसलो होतो अन् पोरीचा व्हिडिओ कॉल आला. म्हणे बाबा, तुमाले एक दाखवते, फोन आडवा धरा.

मोठा थोरला हॉल. वर काचेचा घुमट, खांब असे की दोन माणसांच्या कवेत येणार नाहीत. ती म्हणे हे रॉयल एक्सचेंज, मँचेस्टरचा कापूसबाजार. हजारो व्यापारी या एका हॉलमध्ये उभं राहून कापसाचे, सुताचे, कापडाचे सौदे करायचे. आता तिथे नाटकाचं थिएटर आहे, हॉलच्या मधोमध लोखंडाचा अन् काचेचा गोल पिंजरा उभा केल्यासारखं, १९७६ पासून. पण तिनं फोन वर केला, भिंतीवर उंच. भावफलक. एकाखाली एक आकडे लावायच्या पाट्या, आपल्या मार्केट यार्डात असतो तसाच, फक्त मोठा. १९६८ च्या ३१ डिसेंबरला शेवटचा सौदा झाला, बाजार कायमचा बंद, आणि त्या दिवशीचे भाव फलकावर तसेच ठेवले आहेत. आजपर्यंत.

मी फोन शेकोटीवर सगळ्यांना फिरवला. कोणी म्हणे किती मोठी इमारत, कोणी म्हणे झाडते कोण. एक म्हातारा कास्तकार, पोहरादेवीकडचा, तो डोळे बारीक करून लय वेळ फलक पाहत राहिला अन् म्हणाला, "हा भाव तरी बरा बावा, रातच्यातून उतरत नाई." सगळे हसले. पोरगी तिकडे हसली. थिएटरवाला एक माणूस तिच्याकडे पाहून राहिला होता की ही पोरगी छताकडे फोन करून कोणत्या भाषेत हसते.

त्या दिवसानंतर मला चटक लागली असं म्हणा. ती जाते, मी इकडून विचारतो. पुढच्या शनिवारी ती तिथल्या विज्ञान अन् उद्योगाच्या म्युझियमला गेली, फुकट आहे, तिकडे सरकारी मोठी म्युझियमं बहुतेक फुकटच. ते म्युझियम जुन्या रेल्वे स्टेशनात आहे, १८३० साली लिव्हरपूल ते मँचेस्टर रेल्वे सुरू झाली त्याचं हे स्टेशन, जगातलं सगळ्यात जुनं प्रवासी स्टेशन जे अजून उभं आहे. लिव्हरपूलला जहाजातून गाठी उतरायच्या, इकडे रेल्वेनं यायच्या. तिथे जुने माग चालवून दाखवतात, तिनं आवाज रेकॉर्ड करून पाठवला, आमची कुत्री ओट्यावरून उठून पळाली.

तिथेच तिला कळलं की १८६१ ते ६५ अमेरिकेत यादवी चालू होती, तिकडचा कापूस बंद पडला, मँचेस्टरच्या आसपास गिरण्या ठप्प, माणसं अन्नाला महाग झाली. मग हिंदुस्थानचा कापूस मागवला. आपला. पण तिथे त्याला वऱ्हाडचा म्हणत नव्हते, हिंदुस्थानातून आलेला सगळा कापूस "सुरत" या एकाच नावानं. आणि मजूर त्या सुरतला शिव्या घालायचे! कारण आपल्या जुन्या देशी कापसाचा धागा आखूड, त्यांची यंत्रं अमेरिकेच्या लांब धाग्यावर बसवलेली, धागा तुटायचा, तुटला की माग थांबला, माग थांबला की मजुरी कापली. त्यात कचरा, सरकी, माती.

मला राग आला. दीडशेच्या वर वर्षांपूर्वीचा का असेना, आपला माल आहे. मी म्हटलं त्यांनी यंत्रं नीट बसवायची होती. ती म्हणे बाबा, १८६३ साली मुंबई सरकारनं कापसात भेसळ केली तं शिक्षा असा कायदा केला होता, ऐका, पाणी मारून अन् खडे टाकून गाठी पाठवायचे व्यापारी. मग मी गप बसलो. पाणी मारणं आमच्याकडे अजूनही ओळखीचं आहे, कोण मारते ते लिहीत नाही.

आता साहेब, तुम्ही विदर्भाचे, तुमाले शकुंतला रेल्वे सांगायला नको. यवतमाळ-मूर्तिजापूर ११३ किलोमीटर, पुढे अचलपूरची फांदी. किलिक निक्सन या विलायती कंपनीनं ती छोटी लाईन टाकली ती काय आमच्या आज्याला मामाच्या गावाला जाता यावं म्हणून? कापूस मूर्तिजापूरच्या मोठ्या लाईनवर पोचवायचा, तिथून मुंबई, तिथून जहाज. मी लहानपणी दारव्ह्याहून त्या गाडीत बसलेलो आहे. वाफेचं इंजिन होतं, खिडकीतून डोकं काढलं की डोळ्यात कोळसा. चालत्या गाडीतून उतरून, बोरं तोडून पुन्हा चढलो असं सगळेच सांगतात, मी फक्त उतरलो होतो, चढता आलं नाही, बाबांनी साखळी ओढली. तं ते इंजिन १९२१ साली मँचेस्टरला बनलेलं. १९२३ पासून १५ एप्रिल १९९४ पर्यंत ओढलं त्यानं, सत्तर वर्षं, मग डिझेल लागलं, अन् आता तं गाडीच बंद आहे.

मी हे तिला सांगतलं तेव्हा ती फोनवर थोडा वेळ गप होती. म्हणाली, "बाबा, म्हणजे इंजिन इकडून तिकडे गेलं, कापूस तिकडून इकडे आला, अन् मी इथं डाटा सायन्स शिकून राहिली." मी म्हटलं हो, अन् हप्ता इकडून.

हे तिला कॉलेजात कोणी शिकवणार नव्हतं. तिचा विषयच वेगळा. मी पण जन्मभर कापूस पिकवून राहिलो, सीतादहीची पूजा दरवर्षी करतो, पहिल्या वेच्याला दहीभात शिंपडतो, पण त्या कापसाचं पुढे काय व्हायचं ते मला जिनिंगच्या गेटापर्यंतच माहीत होतं.

बाकीच्या जागा थोडक्यात सांगतो. डार्वेन नावाचं गाव आहे, मँचेस्टरहून रेल्वेनं तासाभरात. १९३१ च्या सप्टेंबरात गांधीजी गोलमेज परिषदेसाठी विलायतेत होते तेव्हा तिथल्या गिरणगावात मुद्दाम गेले, आपल्या बहिष्कारानं ज्यांची कामं गेली त्यांनाच भेटायला, आणि त्या गिरणीच्या बायांनी त्यांच्याभोवती गर्दी करून फोटो काढला, हात वर करून हसत्या बाया अन् मधे पंचा. तो फोटो आपण सगळ्यांनी पाह्यलेला आहे पण जागा कोणाला माहीत. पोरगी गेली त्या दिवशी नुसता पाऊस, गाव म्हणे एकदम शांत, तिनं एका बाकड्यावर बसून पोळी खाल्ली अन् परत आली. एवढंच. पण वर्ध्याच्या माझ्या बहिणीला, जी सेवाग्रामला दर महिन्याला जाते, पोरीनं तिथून पोस्टकार्ड टाकलं. ते पोचलं सुद्धा, अठरा दिवसांनी.

आणि लंडन. रात्रीच्या बसनं गेली, सकाळी उतरली, रात्रीच्या बसनं परत, हॉटेलचा खर्च नाही. पहिले कुठे गेली असेल? किंग हेन्रीज रोड, घर नंबर १०. बाबासाहेब १९२१-२२ ला तिथे राहत होते, २०१५ ला महाराष्ट्र सरकारनं ते घर घेतलं अन् स्मारक केलं. तिच्यासोबत भंडाऱ्याची एक पोरगी होती, ती तिथे दारात अर्धा तास रडली म्हणे. लंडनचे बाकीचे फोटो, तो पूल अन् ते घड्याळ, मला पाहून काही झालं नाही, कॅलेंडरवर पाह्यलेलेच आहेत.

आता त्या पत्रलेखकांचं जिथं बरोबर आहे तेही बोललं पाहिजे. सगळीच पोरं असं फिरत नाहीत. पोरगीच सांगते, काही जण आल्या-आल्या क्रेडिट कार्ड काढतात अन् पहिल्याच सुट्टीत पॅरिस. इंग्लंडच्या व्हिसावर पॅरिसला जाता येत नाही, शेंगेनचा, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांचा मिळून असतो तो व्हिसा, वेगळा काढा लागते, त्याची फी, विमान, हॉटेल. मग ते कार्ड भरायला वीसच्या वर तास रोख पैशांवर लपून काम. मग क्लासला झोपा, हजेरी कमी, हजेरी कमी झाली की कॉलेज स्वतःच व्हिसावाल्यांना कळवते, कळवावंच लागते त्यांना. असा एक पोरगा परत आला, कुठला ते सांगत नाही, त्याच्या बापानं ट्रॅक्टर विकला. अशा बापाला माझं हे पत्र वाचून राग आला तं मी माफी मागतो.

आमच्या पोरीनंही चुका केल्या. वेल्समध्ये कॉनवी म्हणून गाव आहे, समुद्राच्या काठी, तेराव्या शतकातला किल्ला. चार पोरी गेल्या, तटावरून सूर्य बुडताना पाहिला अन् मग उशिरापर्यंत गावात फोटो काढत राहिल्या, परत येताना चेस्टरला गाडी बदलायची ती शेवटची गाडी डोळ्यादेखत निघून गेली. जानेवारीची रात्र. टॅक्सीचे पैसे ऐकून चौघी गप. मग रात्रभर चालू असणाऱ्या एका खाण्याच्या दुकानात एकेक चहा घेऊन पहाटेपर्यंत बसल्या, दर तासाला एकीनं काहीतरी विकत घ्यायचं म्हणजे कोणी उठवणार नाही. हे मला तिनं महिनाभरानं सांगतलं. मी यावेळी ओरडलो नाही. शेवटची गाडी किती वाजता आहे ते निघायच्या पहिलेच हातावर पेनानं लिहीत जा म्हटलं, आपण बाजाराच्या दिवशी लास्ट एसटी पाहतो तसं. आता लिहिते, हाताचा फोटो पाठवते.

आणि ते फोटो स्टेटसला टाकण्याबद्दल माझं मत अजूनही बदललेलं नाही. कायले टाकायचे? पण त्यातही एक गोष्ट झाली ती मला बोचते. नोव्हेंबरातल्या त्या फोननंतर तिनं स्टेटसमधून अख्ख्या गावाला हाईड केलं, मलाही केलं होतं, पुतण्यानं दाखवलं तेव्हा कळलं. म्हणजे ती फिरत होती अन् आपल्याला लपवत होती. मग मीच फोन करून म्हटलं, गावाचं राहू दे, मला दिसू दे.

आपल्याकडे पोरांना फिरवायची रीतच नाही हो. शाळेची सहल म्हणजे शेगाव, फार तं चिखलदरा, पहाटे चारला निघायचं, रात्री दोनला परत, अर्धी पोरं बसमध्ये ओकलेली. खामगावचा कापूसबाजार, जिथं १८७० ला खास कापसासाठी रेल्वेची फांदी टाकली, तिथं कोणत्या कापूसवाल्याच्या पोराची सहल गेली सांगा. मी स्वतः टिपेश्वरचा वाघ पाह्यला नाही, घरापासून दीड-दोन तासावर आहे. लग्नाच्या वरातीला मात्र परभणी-नांदेडपर्यंत ट्रॅव्हल्स भरून जातो अन् डीजेचे पैसे उधार आणतो, त्याचं कोणी पेपरात पत्र लिहीत नाही.

मागच्या आठवड्यात पोरगी म्हणाली बाबा, दारव्ह्याच्या स्टेशनचे फोटो पाठवा, मी म्युझियममध्ये दाखवते. मी म्हटलं आता त्यात काय पाहाचं आहे. पण गेलो, पुतण्याच्या गाडीवर मागे बसून. गावाबाहेर एका जागी रूळ गवतात दिसले. दोन रुळांमधलं अंतर हातानं मोजलं, पावणेदोन हात भरलं नाही. एक बकरी मधोमध बसलेली, हाकलली तरी उठेना. पुतण्यानं तिच्यासकट सहा-सात फोटो काढले, एकात मी रुळावर उभा आहे, दात काढून, टोपी घालून. ते पुतण्यानं मला न विचारता स्टेटसला टाकलं. संध्याकाळी शेजारचे भाऊ ओट्यावर आले अन् म्हणाले, "काय गा, बापही फिराले लागला काय?"

पोरगी येत्या शनिवारी म्युझियममध्ये विचारणार आहे की ते आपलं इंजिन नेमकं कोणत्या कारखान्यात बनलं. जायचा-यायचा बसचा खर्च चार पाऊंड. हिशोब आधीच पाठवून दिला आहे.

आपला,
एक कापूसवाला कास्तकार
ता. दारव्हा, जि. यवतमाळ

ता.क. : नाव छापू नका ही विनंती. टपरीवर तं सगळ्यांना कळणारच आहे, पण बँकेच्या साहेबांना कळायला नको की मी पत्रात कर्जाचा आकडा लिहिला.